दीड म्हशीचं मशीन

बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत होते, त्या उन्हाळ्यात आमच्या उमरग्याच्या घरात दोन कॉम्प्युटर राहायला आले. राहायला आले असंच म्हणते, कारण ते पाहुण्यांसारखे आले, त्यांनी पुढची खोली अडवली, घरातला एकुलता एक टीव्ही ताब्यात घेतला आणि त्यांच्यासाठी आम्ही सगळे जण हळू बोलायला लागलो. घर म्हणजे तरी काय, हायवेला लागून दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. हैदराबादकडं जाणारे ट्रक आमच्या भिंतीजवळून जात. ट्रक गेला की फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि ती बंद पडली की सोनाआत्याच्या भाकरीची थापथाप ऐकू यायची. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. सकाळी ती पांढरी साडी नेसून निघाली की घर आत्याच्या ताब्यात आणि दुकान दादांच्या नि माझ्या. मी नववीपासून दादांच्या शेजारी बसून सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकले होते. ड्रायव्हर लोकांच्या टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलणं, हेड साफ करणं ही कामं दादा सरळ माझ्याकडं सरकवायचे. कुणी गिऱ्हाईक काचकूच करायला लागलं तर ते वर न बघता म्हणायचे, "तिनं केलेलं परत येत न्हाय. माझं येतंय कधी कधी."

पाऊस मागची दोन वर्षं धड झाला नव्हता. गावात टँकर यायचा, आणि तो आला की आई ड्युटीवर असली तरी आत्या नि मी घागरी घेऊन पळायचो. खेड्यांतली तऱ्हा आणखी वाईट होती. ज्वारी गेली होती, विहिरींचा तळ दिसत होता, आणि घरात रोख पैसा येण्याची वाट एकच उरली होती, ती म्हणजे दूध. उमरग्याजवळच्या एका गावात दूध सोसायटी होती. तिचे चेअरमन आबा, वयानं साठीचे, अंगानं धिप्पाड, घरची जमीन मोठी. पण त्या वर्षी त्यांच्याही विहिरीनं त्यांना लहान केलं होतं. सोसायटीत दूध घालणाऱ्या बहुतेक बायकाच. दुधाचे लिटर आणि फॅट यांचा गुणाकार करून दर दहा दिवसांनी प्रत्येकीचं बिल निघायचं, म्हणजे निघायला हवं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते भिंग धरून आकडे जुळवत बसायचे आणि बिलाचे दहा दिवस कधी पंधरा, कधी वीस होऊन जायचे. तोवर बायका वाण्याकडून उधारीवर पेंड आणायच्या.

आबांनी कुठल्याशा साखर कारखान्यात थंडगार काचेच्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर बघितला होता. तिथंच त्यांना कुणीतरी सांगितलं की आता घरात टीव्हीला जोडायचे लहान कॉम्प्युटर निघालेत, आणि त्यांच्यातही दोन-चार कंपन्यांची चढाओढ चालू आहे. आबा सरळ आमच्या दुकानात येऊन बसले.

"नामदेवराव," ते दादांना म्हणाले, "दोन ठिकाणी बोलून आलोय. सोलापूरचा एक जण मोठं मशीन दाखवतोय, हैदराबादचा एक जण लहान. दोघंबी म्हणतात आमचंच चांगलं. आता म्या काय समजू? तुमी दोन्ही घरी ठेवून घ्या, चालवून बघा, आन् सांगा कोणतं घ्यायचं."

"किंमत काय म्हणतात?"

"लहान हाय दीड म्हशीचं. मोठं जातंय सहा म्हशींवर."

दादा हसले. "आबा, दुष्काळातल्या म्हशी का चांगल्या वर्षातल्या?"

"चांगल्या वर्षातल्या वो! दुष्काळातल्या म्हशीत त्याची वायरबी यायची न्हाय." आबाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "पैसा सभासदांचा हाय. लिटरमागं थोडं थोडं कापून साठवलेला. वाया गेला तर बायका मला गावात फिरू देणार न्हाईत, आन् त्यांचं बरोबरच राहील."

दादांनी माझ्याकडं बोट केलं. "ही बघंल. इंग्रजीतली पुस्तकं वाचायला माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

आबांनी मला नीट निरखलं. मला वाटलं, आता हे नको म्हणणार. ते म्हणाले, "बाई, मला सोपं करून सांगता आलं पाहिजे बरं का."

लहान मशीन आधी आलं. हैदराबादच्या दुकानदारानं ते खोक्यात घालून एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरच्या हवाली केलं होतं. बरोबर ना माणूस, ना चिठ्ठी. काळं, शाळेतल्या पाटीएवढं, वर रबराची बटणं. बोट ठेवलं की खोडरबर दाबल्यासारखं वाटायचं. दोन दिवसांनी सोलापूरहून मोठं आलं आणि त्याच्याबरोबर ते विकणारे पेठकर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. पण नुसतं गोड नव्हे, माणसाला त्याचं काम येत होतं. मोठं मशीन दुधाच्या सायीच्या रंगाचं, वजनदार, टाइपरायटरसारखी खणखणीत बटणं. पेठकरांनी ते जोडून रंगीत चित्र दाखवलं, पण आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळं सगळे रंग राखाडीच दिसले. सोनाआत्या दारातून बघत होती. "एक काळं, एक गोरं," ती म्हणाली, "बहिणी-बहिणीच दिसायल्यात." त्या दिवसापासून घरात त्यांची नावं काळी आणि गोरी पडली. आत्यानं त्या दिवशी येसराची झणझणीत आमटी केली होती. पेठकर दोन वाट्या पिऊन, रुमालानं नाक पुसत सोलापूरच्या एसटीत बसले.

मग माझे दिवस सुरू झाले. शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांची रझिया माझी वर्गमैत्रीण. तीही निकालाची वाट बघत होती. आम्ही दोघी सकाळी दवाखान्यात जाणाऱ्या आईला डबा देऊन बसायचो ते दुपारच्या जेवणापर्यंत. एकीच्या मांडीवर डिक्शनरी, दुसरीच्या मांडीवर मशीनचं पुस्तक. मशीनला आपण लिहिलेलं लक्षात ठेवायचं तर ते टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरावं लागायचं, आणि परत काढताना कॅसेटमधून असा कर्कश्श आवाज निघायचा की पहिल्यांदा आत्या हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. तिला वाटलं टेपनं कॅसेट गिळली.

"अगे, कैसा चिल्लारा गे ये!" रझिया कानावर हात ठेवून म्हणाली. "इसके पेट में दर्द है क्या?"

तो आवाज मला अजून आठवतो. पुढं आयुष्यभर मी कॉम्प्युटर शिकवले, किती तऱ्हेची यंत्रं हाताखालून गेली, पण यंत्र काहीतरी आठवायचा प्रयत्न करतंय हे कानाला ऐकू यायचं, ते फक्त त्या दिवसांत. आवाज मध्येच अडखळला की आम्ही दोघी श्वास धरायचो.

तुलना करायची म्हणजे काय करायचं, हे मला पहिले काही दिवस समजतच नव्हतं. दोन्ही पुस्तकांत आपापल्या मशीनची स्तुती होती. गोरीची आठवण मोठी, काळीचे खेळ भारी, गोरीला अमकं जोडता येतं, काळीला तमकं. शेवटी मी दोघींना एकच काम द्यायचं ठरवलं, आणि तेही आबांचंच काम. सोसायटीच्या एका बिलाचे सगळ्या सभासदांचे आकडे आबांकडून उतरवून आणले आणि लिटर, फॅट, दर यांचा हिशोब दोन्हीवर लिहिला. गोरीवर बोटं धावायची. काळीवर एकेक बटण दोनदा दाबावं लागायचं, आणि बारक्या चुका शोधताना डोळे चुरचुरायचे. गोरीला घरचा टीव्ही आणि काळीला दुकानातला भाड्यानं द्यायचा बारका टीव्ही जोडून, चुलीवर आत्यानं भाकरी टाकली की मी दोन्हीकडं एकदम बटण दाबायची. आत्यानं भाकरीची बाजू पलटायच्या आत गोरी मोकळी व्हायची. काळीचं उत्तर येईपर्यंत भाकरी फुगून टोपल्यात पडलेली असायची. शिवाय काळी दुपारी तापायची. त्यावर रझियानं उपाय काढला, तिच्याखाली दोन पेन्सिली आडव्या ठेवून हवा खेळती केली. वीज तर येत-जात राहायचीच. गेली की दोघीही सगळं विसरायच्या आणि कॅसेटचा आवाज परत पहिल्यापासून. त्यात दोघींना मी सारखेच गुण दिले.

मधल्या काळात वैशाखी पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडं खीर असायची. त्या वर्षी दूध मिळणं अवघड होतं, पण आबांनी सोसायटीतून किटलीभर पाठवलं आणि स्वतःही आले. आईनं सकाळी बुद्धवंदना घेतली, मग खीर वाढली. आबा आमच्या घरात बसून पहिल्यांदाच जेवत होते. याआधी ते दुकानातल्या बाकापलीकडं आत आले नव्हते. हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी समाधानच म्हणेन. खीर खाताना आबांनी विचारलं, "मग बाई, कुठवर आलंय?"

"गोरी पुढं आहे, आबा," मी म्हणाले. "सगळ्यातच. फक्त किमतीत मागं."

"म्हणजे सहा म्हशी विकाव्या लागत्यात म्हण की."

पेठकरांची दुसरी खेप त्यानंतर लगेच झाली. मी कागदावर मांडलेले गुण त्यांनी बघितले आणि खूश झाले. मग दुकानात दादांशी बोलत बसले. "नामदेवराव, सोसायटीनं आमचं घेतलं की या भागात पुढं शाळा आहेत, पतसंस्था आहेत, डॉक्टर आहेत. दुरुस्तीला जवळचा माणूस लागेलच. उमरगा-लोहारा भागाची एजन्सी तुम्हाला देतो. बोर्ड आमचा, नाव तुमचं." यात लाच वगैरे काही नव्हतं, धंद्यात बोलतात तसंच ते बोलले. पण ते गेल्यावर दादा स्टुलावर चढून दुकानाच्या दारावरची जागा हातानं मापायला लागले. ड्रायव्हरांच्या टेपवर आयुष्य गेलेल्या माणसाला कॉम्प्युटरचा बोर्ड म्हणजे काय, ते मला त्या मापणाऱ्या हातांवरून कळलं. आईनं तर जेवताना बोलूनच दाखवलं, "एजन्सी झाली तर उजूला औरंगाबादला घालता येईल. हॉस्टेल परवडंल." औरंगाबादचं कॉलेज हे माझं स्वप्न होतं. मी त्या जेवणात किती भाकरी खाल्ल्या ते मला कळलं नाही.

सोसायटीची सभा जवळ आली होती. एका दुपारी वीज गेली ती परत येईना. रझिया घरी गेली, आत्या आडवी झाली, मी दुकानात जाऊन बसले. दादा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक टेप लावून तपासत होते. वीज नसली की आम्ही दुकानात तसंच करायचो, त्यात नवं काही नव्हतं. मी काळीचा अडाप्टर उगीच हातात घेऊन फिरवत होते. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं मी यापूर्वीही वाचलं असेन, पण त्या दिवशी ते मला दिसलं.

"दादा, ही नऊ व्होल्टवर चालते."

"हां, मग?"

"बॅटरी बारा व्होल्टची."

दादांनी टेपचा आवाज कमी केला. माझ्याकडं बघितलं, अडाप्टरकडं बघितलं, आणि फळीवरचं जुन्या ॲम्प्लिफायरचं खोकं खाली काढलं. त्यातला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा सोडवला, त्याच्यावर एक पार्ट बसवला. "वरचे तीन व्होल्ट हा खाईल," ते म्हणाले, "आन् तापंल. म्हणून त्याला पत्रा." वायरी मी जोडल्या. मॅचच्या वेळी भाड्यानं द्यायचा तो बारका टीव्ही बॅटरीवर चालायचा. टेप तर चालायचाच. दादांनी मीटर लावून परत परत तपासलं, मग मान हलवली. मी वायर लावली. पडद्यावर काळीच्या कंपनीचं नाव आलं. आख्ख्या गल्लीत वीज नव्हती, पंखे बंद, पिठाची गिरणी बंद, आणि आमच्या दुकानात सभासदांची बिलं एकापाठोपाठ एक पडद्यावर येत होती.

मी टाळ्याच वाजवल्या. मग गोरीचं झाकण बघायला गेले, तर तिचा सगळा वीजपुरवठा पोटातच, सरळ घरच्या विजेवरचा. तो बाहेर काढणं म्हणजे सील तोडणं. मी परत येऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की काय झालंय. आबांच्या गावात त्या उन्हाळ्यात दिवसा वीज जवळजवळ नसायचीच. दूध मोजायचं सकाळी, बिलं करायची दिवसा. दादांनी पत्र्याला बोट लावून तो किती तापलाय ते बघितलं. मी विचारलं, "दादा, आता काय सांगू आबांना?"

"काय दिसलं तुला?"

"पण बोर्ड..."

त्यांनी फडक्यानं हात पुसले. "बोर्ड दारावर लागतो, उजू. आबा इथं रोज येऊन बसतात. त्यांच्यासमोर त्या बोर्डाखाली मला बसायचंय ना?" एवढं बोलून ते टेपकडं वळले. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. संध्याकाळी चहाला त्यांनी नको म्हटलं, आणि दादा चहाला कधी नको म्हणत नसत.

सभेच्या दिवशी आम्ही आबांच्या जीपमधून गेलो. मी, दादा आणि मांडीवर काळी. सोसायटीच्या आवारात कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. बायका पदर डोक्यावर ओढून एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. गावात वीज नव्हतीच. पण पेठकर कच्चे नव्हते. त्यांनी लग्नात आणतात तसं जनरेटर भाड्यानं आणलं होतं, बरोबर रंगीत टीव्हीही होता. जनरेटर धडधडायला लागलं आणि गोरीनं रंग दाखवायला सुरुवात केली. खरंच सुंदर दिसत होतं. मीही तिला रंगात पहिल्यांदाच बघत होते. बायका पुढं सरकल्या. पेठकरांनी बिलाचा हिशोब लावला, तो झपकन झाला. लोकांनी माना डोलावल्या. आबांनी मला हाक मारली.

मी काळी पाटावर ठेवली, बारका टीव्ही जोडला, दादांनी ट्रॅक्टरवरून उतरवलेली बॅटरी शेजारी आणून ठेवली. कॅसेटचा आवाज सुरू झाला तसे सगळे हसले, आणि तो संपता संपेना. मग हळूहळू एकेक बिल यायला लागलं. रंग नाहीत, अक्षरं बारकी, वेग गोरीच्या मानानं कासवाचा.

"लई हळू हाय की," कुणीतरी मागून म्हणालं.

"हळू आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बटणंही वाईट आहेत. मी दोन्ही घरी चालवली. वीज असेल तर साहेबांचं मशीन चांगलं, यात मला शंका नाही. पण हे बॅटरीवर चालतं. बॅटरी गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये आहे. साहेबांच्या मशीनला रोज जनरेटर लागेल, त्याचं भाडं आणि डिझेल त्या किमतीत धरायला पाहिजे."

पेठकर उठले. रागावले नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "ताई, विजेचे हे दिवस कायमचे नाहीत. पाऊस पडेल, धरणं भरतील, सोसायटी वाढेल. तेव्हा हे लहान मशीन पुरणार नाही. मग दुसऱ्यांदा खर्च."

ते खरं बोलत होते. तेवढ्यात बायकांमधून एक जण उठून उभी राहिली. पन्नाशीची, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, एक म्हैस राखून असलेली. तिचं नाव गंगाबाई.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "पाऊस पडंल तवा पडंल. येत्या बिलाला बाजाराच्या आदी पैसं कोणत्या मशीनीनं मिळतील?"

जनरेटर धडधडत होतं. आबा पेठकरांकडं वळले. पेठकरांनी क्षणभर विचार केला आणि काळीकडं हात केला. "ह्यानं," ते म्हणाले. त्या एका शब्दासाठी मला तो माणूस पुढं आयुष्यभर आवडत राहिला.

सभेनं काळी घ्यायची ठरवली. पेठकरांनी सामान आवरलं, आम्ही त्यांना खोकी बांधू लागलो. जाताना त्यांनी दादांच्या त्या पत्र्याच्या जोडणीकडं वाकून बघितलं आणि "हे छान केलंत" म्हणाले. एजन्सीचा विषय त्यांनीही काढला नाही, दादांनीही नाही. ती पुढं सोलापूरच्याच कुणाला तरी मिळाली. मी त्या वर्षी औरंगाबादला गेले नाही. उमरग्याच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आणि सकाळी सोसायटीत काळी चालवायचं काम घेतलं. आईला हळहळ वाटली, मलाही वाटली. रझिया लग्न होऊन हैदराबादला गेली तेव्हा जास्त वाटली. पण सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या गावात उतरायचं, दुधाच्या कॅनच्या खणखणाटात बसायचं, बायकांच्या गप्पा ऐकायच्या, आबांच्या घरचा गूळ घातलेला चहा प्यायचा, असे ते दिवस मी नाखुशीनं काढले असं म्हणाले तर खोटं होईल. दादांच्या त्या बॅटरीच्या जोडणीला मात्र मागण्या यायला लागल्या. दोन शाळा आणि एका पतसंस्थेनं ती करून घेतली, आणि दर वेळी दादा आधी मला पत्रा किती मोठा घ्यावा ते विचारायचे.

काळीबरोबर पुढं एक बारकं छपाईयंत्र आलं. एसटीच्या तिकिटाएवढ्या अरुंद, चंदेरी कागदावर ते चरचर आवाज करत छापायचं. इंग्रजी अक्षरं छापायचं, मराठी नाही. बायकांना बिलाची इंग्रजी चिठ्ठी देऊन काय उपयोग? पुस्तकात लिहिलं होतं की काही थोडी अक्षरं आपल्याला हवी तशी काढून यंत्रात ठेवता येतात. जागा फार कमी. मी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन काळा करत क काढला, ग काढला, म काढला, काना आणि वेलांटी काढली. जे बसलं नाही त्याची काटछाट केली, आणि जोडाक्षरं जमेल तशी मोडून घातली. हौसेनं एक जागा माझ्या स्वतःच्या नावातल्या 'ज्ज्व'साठी ठेवली होती. चिठ्ठीच्या तळाशी 'उज्ज्वला' छापून आलं की मला फार छान वाटायचं.

मराठी चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवशी गंगाबाईनं आपली चिठ्ठी घेतली, रांगेतून बाजूला झाली आणि उजेडात नेऊन बघत राहिली. मग परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही गगाबाई कोण?"

"तुम्हीच की, मावशी."

"मी न्हाय. माझ्या ग वर टिंब असतंय. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बाईंनी मला तेवढं एकच शिकवलं, माझं नाव. दुसरं काय मला वाचता येत न्हाय, पर हे येतंय. टिंब न्हाय तर मी न्हाय." तिनं चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. मागच्या बायका हसत होत्या, ती हसत नव्हती.

मी तिला सांगितलं की यंत्रात जागा उरलेली नाही. ती म्हणाली, "बघ बाई कुठं सापडती का," आणि म्हशीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं गेले आणि चौकटीचा कागद घेऊन बसले. ग काढला, त्याच्या डोक्यावर एकच चौकोन काळा केला. आता तो ठेवायला जागा हवी होती. सगळी अक्षरं डोळ्यांखालून घातली. प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी नावात होतं, कुणाचंच काढता येत नव्हतं. माझ्या 'ज्ज्व'चं फक्त मलाच काम होतं. मी तो पुसला आणि तिथं 'गं' बसवला.

पुढच्या बिलाच्या दिवशी गंगाबाईनं चिठ्ठी घेतली. आधी लांब धरली, मग जवळ आणली, त्या टिंबावर नख टेकवून बघितलं.

"हां," ती म्हणाली. "ही मी." आणि चिठ्ठी कनवटीला लावून बाजाराला गेली.